इंग्रजी शब्दसंग्रह व परभाषी विद्यार्थी

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा विद्यार्थ्यांना ती भाषा शिकताना शब्दांच्या बाबतीत येणाऱ्या अडचणी आणि त्या दूर करण्यासाठी झालेले प्रयत्न यांचा विचार भाषाध्यापनशास्त्रात स्वतंत्रपणे केला जातो. व्याकरणाचे मुख्य नियम मोजके असतात व ते काही वर्षांत शिकवून संपविता येतात. शब्दांना मात्र अंत नसतो. त्यामुळे कोणते शब्द, किती व कोणत्या क्रमाने शिकवावेत, हा प्रश्न उद्‌भवतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने विचार सुरू झाला. त्याची प्रमुख प्रयोगक्षेत्रे इंग्लंडमध्ये नसून बंगाल व जपान येथे होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. या प्रयत्नांमुळे शिकावयाच्या शब्दांची संख्या आटोक्यात आली. परंतु निवडीअंती उरणारे लहान व नित्याचे शब्दच परभाषी विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जातात, हेही त्यांतूनच हळूहळू स्पष्ट झाले.

इंग्रजी शब्दसंग्रहाचे स्वरूप : इंग्रजीचा शब्दसंग्रह अतिशय विस्तृत आहे. १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशात ४,१४,८२५ शब्दांच्या नोंदी आहेत. या विस्ताराचे मूळ इंग्लंडच्या इतिहासात आहे. इंग्रजीचा पाया जर्मानिक शब्दांचा. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर राज्यकारभार, न्यायदान व उच्च वर्गाचे जीवन यांतील फ्रेंच शब्द तीत आले आणि पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन व ग्रीक शब्दांची भर घातली. परिणामी एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द वेगवेगळ्या थरांवर नांदू लागले. प्रश्न विचारणे या अर्थी ‘आस्क’ हा घरगुती, ‘क्वेश्चन’ हा काहीसा औपचारिक, तर ‘इंटेरॉगेट’ हा चौकशीच्या ठिकाणी शोभणारा शब्द होय. मराठीतही ‘पाणी’ व ‘जल’ किंवा ‘बायको’ व ‘पत्नी’ यांच्यात असाच भेद आहे. पण तो मराठी भाषकाने बालपणीच कानांनी टिपलेला असतो. इंग्रजीतील तसा भेद परभाषी विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावा लागतो आणि शब्दकोशात तर तिन्ही शब्दांपुढे बहुधा एकच प्रतिशब्द आढळतो.

या मिश्रणाचा आणखी एक परिणाम असा, की परस्परसंबंधित शब्दांत बाह्य साम्य राहत नाही. मराठीत ‘दात’ या शब्दावरून ‘दंत्य’ याचा अर्थ तर्काने लावता येतो. इंग्रजीत ‘टूथ’ माहीत असला तरी ‘डेंटल’चा आणि ‘मून’ माहीत असला तरी ‘लूनर’चा अर्थ उलगडत नाही. नाम जर्मानिक व विशेषण लॅटिन, अशा या जोड्या विद्यार्थ्याला दोन स्वतंत्र शब्द म्हणूनच पाठ कराव्या लागतात. लेखन व उच्चार यांतील विसंगतीने ही अडचण वाढते. ‘सन’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द असून एकाचा अर्थ मुलगा व दुसऱ्याचा सूर्य असा आहे. उलट ‘थ्रू’, ‘टफ’ व ‘दो’ या शब्दांच्या अखेरची अक्षरे सारखी असूनही त्यांचे उच्चार निराळे होतात. वाचताना ओळखलेला शब्द ऐकताना अनोळखी वाटावा, हा अनुभव म्हणूनच सार्वत्रिक आहे.

आरंभीचे प्रयत्न : परकी भाषा शिकविताना शब्दांची जाणीवपूर्वक निवड करण्याची कल्पना जुनी आहे. मोरेव्हियातील शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनिअस (१५९२–१६७०) याने १६३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिनच्या पाठ्यपुस्तकात सुमारे ८,००० शब्द १,००० वाक्यांत विषयवार गुंफले होते. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या टॉमस प्रेंडरगास्ट याने निवृत्तीनंतर भाषाशिक्षणावर १८६४ मध्ये एक ग्रंथ लिहिला. नित्याच्या मोजक्या शब्दांची वाक्ये घोकून भाषेवर प्रभुत्व मिळविता येते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याने शब्दांची यादी केली, ती मोजदाद करून नव्हे, तर स्वतःच्या अनुभवावरून. कोणते शब्द नित्याचे, हे ठरविण्याचे दुसरे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

भारतात १८३५ मध्ये कंपनी सरकारने इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला. १८५४ चा वुडचा खलिता व १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे यांमुळे इंग्रजी ही उच्च शिक्षणाची भाषा झाली. शाळांतून इंग्रज मुलांसाठी लिहिलेली किंवा इंग्रजी साहित्यातील वेच्यांची पुस्तके लावली जात. विद्यार्थ्याने प्रत्येक उताऱ्यातील कठीण शब्द वहीत उतरून त्यांच्यापुढे देशी भाषेतील अर्थ लिहावा व तो पाठ करावा, ही रीत रूढ झाली. महाराष्ट्रात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व १८५७ मध्ये त्याची दुसरी, सुधारलेली आवृत्ती निघाली. मात्र त्याची रचना मराठी शिकणाऱ्या युरोपियनांची गरज ध्यानी घेऊन झालेली होती. उलट दिशेची गरज टॉमस कँडीच्या इंग्रजी-मराठी कोशाने (१८४७) व विसाव्या शतकाच्या प्रारंभी नीलकंठ बाबाजी रानडे यांच्या विस्तृत इंग्रजी-मराठी कोशाने भागविली. तर्खडकर भाषांतर पाठमालेने तर मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना व्याकरण व भाषांतर यांच्या साहाय्याने इंग्रजीची ओळख करून दिली. कोश व पाठमाला यांनी शब्दाचा अर्थ पुरविला. परंतु कोणता शब्द आधी शिकावा व कोणता सोडून द्यावा, याविषयी कोशाचे मार्गदर्शन मिळणे शक्य नव्हते. कोशात सर्व शब्द वर्णानुक्रमाने, म्हणजे एका अर्थी समान दर्जाने, उभे असतात.

शब्दगणना : शब्दांचे महत्त्व त्यांच्या वापरावरून मोजावे, ही कल्पना प्रथम भाषाशिक्षणासाठी पुढे आली नाही. जर्मनीत केडिंग याने १८९८ मध्ये लघुलेखनाच्या सोयीसाठी सुमारे १ कोटी १० लाख जर्मन शब्दांची गणना करून वारंवारताकोश सिद्ध केला. इंग्रजीच्या बाबतीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) याने ४१ साधनांतील सुमारे ४५ लाख शब्द मोजून १९२१ मध्ये १०,००० शब्दांची सूची प्रसिद्ध केली. ती पुढे २०,००० व १९४४ मध्ये अर्व्हिंग लॉर्जच्या सहकार्याने ३०,००० शब्दांपर्यंत वाढविण्यात आली.

या गणनांमधून भाषेचे एक आश्चर्यकारक वैशिष्ट्य पुढे आले. शब्द लाखो असले, तरी प्रत्यक्ष लेखनात थोडेच शब्द पुनःपुन्हा येतात. ‘द’ हा एकटा शब्दच इंग्रजी मजकुरात शंभरांत सहा ते सात वेळा येतो. १९६१ मधील अमेरिकन लेखनाच्या दहा लाख शब्दांवर आधारलेल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहात सुमारे १३५ शब्दांनीच निम्मा मजकूर व्यापलेला आढळतो. यावरून काही हजार निवडक शब्द शिकविल्यास विद्यार्थ्याला बहुतेक भाषा हस्तगत होईल, अशी आशा वाटू लागली. थॉर्नडाइकची सूची मात्र अमेरिकन शाळांतील इंग्रजी भाषक मुलांसाठी होती व तिच्या साधनांत बायबल, अभिजात साहित्य व बालवाङ्‌मय यांचा मोठा वाटा होता. परदेशात इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या गरजा तिच्यात उमटणे शक्य नव्हते.

बंगालमधील प्रयोग : परभाषी विद्यार्थ्याची गरज केंद्रस्थानी ठेवून शब्दनिवडीचा विचार करण्याचे श्रेय मुख्यतः मायकेल फिलिप वेस्ट (१८८८–१९७३) याला दिले जाते. तो १९१२ मध्ये भारतीय शिक्षण सेवेत दाखल झाला व ढाका (आता बांगला देशात) येथील अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. बंगाली विद्यार्थ्यांच्या वाचनावर त्याने केलेले प्रयोग द्विभाषिकतेवरील त्याच्या १९२६ च्या प्रतिवृत्तात ग्रथित झाले आहेत. वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही विद्यार्थ्याला साधे पुस्तक सहजपणे वाचता येत नाही, असे त्यास आढळून आले.

वेस्टच्या विचाराचा गाभा विम्याच्या व्यवहारातून घेतलेल्या एका कल्पनेत आहे. विमापत्र मुदतीपूर्वी परत केल्यास विमेदाराला काही समर्पण-मूल्य मिळते. त्याचप्रमाणे शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, या कसोटीवर अभ्यासक्रम पारखला पाहिजे, असे वेस्टचे मत होते. बंगालमधील अनेक मुले शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचतच नसत. ज्या अभ्यासक्रमाचे फळ केवळ शेवटच्या वर्षी मिळते, तो अशा मुलांच्या दृष्टीने निष्फळ ठरतो. थोडे बोलणे, थोडे लिहिणे व थोडे व्याकरण यांपैकी शाळा सुटल्यावर फारसे काही उरत नाही. वाचनाची शक्ती मात्र एकदा आली, की विद्यार्थी पुढे स्वतःच्या बळावर तिची वाढ करू शकतो. म्हणून त्याने वाचनाला अग्रक्रम दिला.

तत्कालीन क्रमिक पुस्तकांची तपासणी करता त्याला त्यांत दोन दोष दिसले. एक म्हणजे ‘आयलंड’ऐवजी ‘आइल’ यांसारखे काव्यात शोभणारे किंवा जुनाट झालेले शब्द त्यांत विपुल होते. दुसरे म्हणजे नवे शब्द इतक्या दाटीने येत, की विद्यार्थ्याचे वाचन थांबून त्याची जागा शब्दार्थ शोधण्याला मिळे. १९२७ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या नव्या पद्धतीच्या वाचनमालेत वेस्टने दुर्मिळ शब्दांच्या जागी नित्याचे शब्द घातले आणि सुमारे ५० ते ६० शब्दांमागे एखादाच नवा शब्द यावा, असे प्रमाण राखले. आलेला शब्द पुढे पुनःपुन्हा यावा, याचीही त्याने दक्षता घेतली. ही वाचनमाला आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देशांत वापरली गेली. जे. जी. एंडिकॉट याच्या सहकार्याने १९३५ मध्ये त्याने सिद्ध केलेल्या शब्दकोशात सुमारे २४,००० शब्द व शब्दप्रयोग यांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या मर्यादेत समजावून दिलेले आहेत. अर्थ सांगणारे शब्द मूळ शब्दाहून कठीण असू नयेत, हे तत्त्व पुढे विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या बहुतेक कोशांनी स्वीकारले. १९७८ च्या लाँगमन कोशात त्यासाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा पाळलेली आहे.

जपानमधील संशोधन : याच सुमारास इंग्लिश भाषाध्यापनतज्ज्ञ हॅरल्ड एडवर्ड पामर (१८७७–१९४९) हा १९२२ मध्ये जपानी शिक्षण खात्याच्या सल्लागारपदी टोकिओला गेला. १९२३ मध्ये तेथे इंग्रजी अध्यापन संशोधन संस्था स्थापन होऊन तिचे संचालकपद त्याच्याकडे आले. केवळ वारंवारतेवर विसंबून राहणे पामरला मान्य नव्हते. अनुभवी अध्यापकाच्या विवेकालाही तो महत्त्व देई. शब्दसूची करू लागताच ‘शब्द म्हणजे काय’ हाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. एखादे क्रियापद व त्याची सर्व रूपे हा एक शब्द की अनेक? एकच शब्द दोन भिन्न अर्थी येत असेल, तर तो एकदा मोजावा की दोनदा? आणि दोन-तीन शब्द एकत्र येऊन निराळाच अर्थ देत असतील, तर त्यांची गणना कशी करावी? या शेवटच्या प्रश्नामुळे पामर शब्दांच्या सहप्रयोगांकडे वळला. जे शब्दसमूह सुटे करून समजत नाहीत व म्हणून सबंध शिकावे लागतात, त्यांचे संस्थेने केलेले संकलन १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पामरचा सहकारी ॲल्बर्ट सिडनी हॉर्नबी (१८९८–१९७८) याने हे सूत्र पुढे नेले. ई. व्ही. गेटनबी व एच. वेकफील्ड यांच्यासह त्याने रचलेला विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश दुसरे महायुद्ध चालू असताना १९४२ मध्ये टोकिओत प्रसिद्ध झाला व १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने तो पुनर्मुद्रित केला. शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो वाक्यात कसा योजावा, क्रियापदानंतर कोणती रचना येते, याचे मार्गदर्शन त्यात आहे. अर्थ माहीत असणे आणि वापर माहीत असणे, हे शब्दज्ञानाचे दोन भिन्न टप्पे या कोशाने प्रथमच ठळकपणे वेगळे केले. भारतातही हा कोश विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाला.

बेसिक इंग्लिश : शब्दनिवडीचा सर्वांत टोकाचा प्रयोग म्हणजे केंब्रिजचा विद्वान चार्ल्स के ऑग्डेन (१८८९–१९५७) याची १९३० मध्ये प्रसिद्ध झालेली बेसिक इंग्लिश ही योजना होय. तीत एकूण ८५० शब्द असून त्यांपैकी ६०० वस्तुवाचक, १५० गुणवाचक व उरलेले १०० क्रिया व शब्दसंबंध दर्शविणारे आहेत. क्रियापदे अवघी १८ ठेवली आहेत. ‘एंटर’ या क्रियापदाऐवजी ‘गो इन’ व ‘पार्टिसिपेट’ऐवजी ‘टेक पार्ट’ म्हणावे, अशा रीतीने शेकडो क्रियापदे वगळता येतात, असे ऑग्डेनने दाखवून दिले. आय. ए. रिचर्ड्‌स या समीक्षकाने तिचा हिरिरीने पुरस्कार केला आणि १९४३ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील भाषणात विन्स्टन चर्चिलनेही तिची प्रशंसा केली. तथापि शाळांत तिचा टिकाऊ प्रसार झाला नाही.

तिच्यावरील प्रमुख आक्षेप शब्दसंग्रहाच्या मूळ प्रश्नालाच भिडणारा आहे. ‘टेक’, ‘पुट’ व ‘गेट’ यांसारखी क्रियापदे निरनिराळ्या अव्ययांशी जोडली गेली, की त्यांतून नवे अर्थ निर्माण होतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझविणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. घटकशब्दांच्या अर्थांवरून यांतील एकाचाही निश्चित बोध होत नाही. यादीत हा एकच शब्द दिसतो. शिकणाऱ्याला मात्र तो अनेकवार नव्याने शिकावा लागतो. याउलट ‘पार्टिसिपेट’ हा लांब शब्द एका अर्थाचा असल्याने एकदा समजला, की विषय संपतो. वेस्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये या योजनेची सविस्तर चिकित्सा केली. मराठीतील ‘लावणे’ हे क्रियापद घेतल्यास आक्षेपाचे मर्म ध्यानी येईल. दार लावणे, दिवा लावणे, झाड लावणे, कुंकू लावणे व शिस्त लावणे यांत क्रियापद एकच असले, तरी मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला त्या पाच निराळ्या क्रिया आहेत.

सर्वसामान्य शब्दसूची : या परस्परविरोधी मतांचा समन्वय करण्यासाठी कार्नेगी निगमाच्या साहाय्याने १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे परिषद भरली. वेस्ट, पामर, थॉर्नडाइक व लॉरेन्स फॉसेट यांनी या कामात भाग घेतला. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अंतरिम प्रतिवृत्तातून पुढे सुमारे २,००० शब्दांची सर्वसामान्य शब्दसूची सिद्ध झाली. वेस्टने संपादिलेली तिची सुधारित आवृत्ती १९५३ मध्ये बाहेर पडली. शब्द निवडताना वारंवारतेबरोबरच शिकण्याची सुलभता, गरज, एका शब्दाने दुसऱ्याचे काम भागण्याची शक्यता व शैलीचा स्तर यांचाही विचार केलेला आहे. तिचे खरे वैशिष्ट्य असे, की शब्दाच्या प्रत्येक अर्थाचा वापर शेकडा किती वेळा होतो, हे तीत नोंदविलेले आहे. मोजदाद शब्दांची नव्हे, तर अर्थांची करावयास हवी, या जाणिवेची ही पहिली मोठी फलश्रुती होय.

मराठी भाषकांच्या अडचणी : दोन भाषा जगाची विभागणी निरनिराळ्या प्रकारे करतात; त्यामुळे शब्दास शब्द अशी जुळणी क्वचितच होते. मराठीतील ‘हात’ या एका शब्दात इंग्रजीतील ‘हँड’ व ‘आर्म’, ‘पाय’ या शब्दात ‘फूट’ व ‘लेग’, तर ‘बोट’ या शब्दात ‘फिंगर’ व ‘टो’ सामावलेले आहेत. ‘घड्याळ’ मनगटावर असले तर ‘वॉच’ व भिंतीवर असले तर ‘क्लॉक’ होते. ‘सावली’ झाडाखालची असेल तर ‘शेड’ व माणसाची असेल तर ‘शॅडो’. अशा ठिकाणी मराठी विद्यार्थ्याला मातृभाषेत न जाणवलेला भेद नव्याने करावा लागतो. याउलट काका, मामा व आत्याचे यजमान यांचे वेगळेपण ‘अंकल’ या शब्दात, तांदूळ व भात यांचे ‘राइस’ या शब्दात आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचे ‘वी’ या सर्वनामात लोपते.

तिसरी अडचण मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची आहे. हे शब्द परिचित असल्याने त्यांच्याविषयी शंका येत नाही. परंतु मराठीत येताना अनेकांचे अर्थ बदललेले आहेत. मराठीत ‘ग्लास’ हे पाणी पिण्याचे भांडे असून ते स्टीलचेही असू शकते. इंग्रजीत त्या शब्दाचा काचेशी असलेला संबंध सुटत नाही. ‘हॉटेल’ मराठीत बहुधा उपाहारगृह असते, इंग्रजीत ती मुक्कामाची जागा. ‘लाइट गेली’ या वाक्यात वीज अभिप्रेत असते आणि परीक्षेतील ‘कॉपी’ हा मराठीत सरळ गैरप्रकार ठरतो.

चौथी अडचण सहप्रयोगांची. मराठी विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, म्हणून तो इंग्रजीत ‘गिव्ह’ हे क्रियापद योजतो; इंग्रज विद्यार्थी मात्र परीक्षा ‘घेतो’, म्हणजे तेथे ‘टेक’ येते. मराठीत स्वप्न पडते व थंडी वाजते. इंग्रजीत त्यांपैकी पडणे व वाजणे या क्रियापदांचा उपयोग नाही. लग्न कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरी’ या क्रियापदानंतर ‘विथ’ घालण्याकडे मराठी भाषकाचा कल असतो. या सर्व उदाहरणांतील शब्द अगदी प्राथमिक आहेत. ते ठाऊक नसल्याने चूक घडत नाही. ते पूर्णपणे ठाऊक आहेत अशा समजुतीमुळे घडते.

संगणकीय कालखंड : १९६० नंतर संगणकाच्या साहाय्याने भाषेचे मोठे नमुनासंग्रह करणे शक्य झाले. ब्राउन विद्यापीठाच्या उपरोल्लेखित संग्रहाच्या धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ मधील भारतीय इंग्रजी लेखनाचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार करण्यात आला व तो १९८६ मध्ये अभ्यासकांना उपलब्ध झाला. भारतीयांच्या इंग्रजीतील कोणता प्रयोग शिकाऊपणाची चूक व कोणता येथील इंग्रजीचा स्थिर विशेष, हे ठरविण्यास त्यामुळे पुराव्याचा आधार मिळाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर (१९३३–२००७) याच्या नेतृत्वाखाली संगणकीय संग्रहावर आधारलेला विद्यार्थिकोश १९८७ मध्ये तयार झाला. कोशात पहिला म्हणून दिला जाणारा अर्थ प्रत्यक्ष वापरात पहिला असतोच असे नाही, हे या संशोधनाने दाखविले. ‘बॅक’ या शब्दाचा पाठ हा अर्थ जुन्या कोशांत आधी येतो. वापरात मात्र परत या अर्थी तो कितीतरी अधिक वेळा आढळतो.

शब्दसंख्येचा प्रश्नही नव्याने तपासला गेला. २,००० शब्दांची सूची अवगत असल्यास सर्वसाधारण मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. हा आकडा मोठा वाटला, तरी त्याचा अर्थ दर पाचवा शब्द अनोळखी, असा होतो. हू व पॉल नेशन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कोणाच्याही मदतीविना मजकूर नीट समजण्यास सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. म्हणजेच पन्नासांत एकच अपरिचित शब्द चालू शकतो. वेस्टने बंगालमध्ये वाचनमाला रचताना राखलेले प्रमाण जवळपास हेच होते. नेशनच्या २००६ मधील अंदाजाप्रमाणे कादंबऱ्या व वृत्तपत्रे या पातळीवर वाचण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुलांचे ज्ञान लागते. मूळ शब्द व त्यापासून सिद्ध झालेली रूपे मिळून एक शब्दकुल होते. इतके शब्द वर्गात एकेक करून शिकविणे अशक्य असल्याने सुलभ पुस्तकांच्या विपुल वाचनाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने २००० मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड हिने केलेली ५७० शब्दकुलांची विद्याविषयक सूची महत्त्वाची आहे. विद्यापीठीय ग्रंथांतील सुमारे १० टक्के मजकूर या शब्दकुलांनी व्यापलेला असतो. मराठी माध्यमातून विज्ञान शिकून इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ‘प्रकाशसंश्लेषण’ ही संकल्पना ठाऊक असते. तिचे ‘फोटोसिंथेसिस’ हे इंग्रजी नाव प्राध्यापक समजावून सांगतात व तो ते लक्षात ठेवतो. परंतु ‘अझ्यूम’, ‘इन्फर’, ‘डिराइव्ह’ व ‘कन्सिस्ट’ यांसारखे शब्द कोणत्याच विषयाचे नसल्याने ते कोणीही शिकवीत नाही. ते पारिभाषिक नव्हेत आणि घरगुतीही नव्हेत. आणि प्रश्नपत्रिकेतील वाक्य तर बहुधा त्यांच्यावरच उभे असते. विषय येत असूनही प्रश्न न कळल्याने मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण पुष्कळदा या मधल्या थरातील असते.

मूल्यमापन : शब्दगणनेच्या चळवळीने इंग्रजीच्या अफाट शब्दसागरातून विद्यार्थ्यासाठी एक चालण्याजोगी वाट आखून दिली. क्रमिक पुस्तकांतील अनावश्यक काठिण्य कमी झाले, सुलभ वाचनमाला व विद्यार्थिकोश निर्माण झाले आणि अध्यापकाच्या वैयक्तिक आवडीऐवजी पुराव्याला महत्त्व आले. सूचीचा यांत्रिक वापर केल्यास मात्र तीमधूनही पाठांतराची नवी वही तयार होते. सूचीमुळे शब्द कोणता हे कळते. त्याचे अर्थ, त्याचे सोबती व त्याचे औचित्य यांचे ज्ञान तो अनेक संदर्भांत भेटल्यावरच होते.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे या विषयाला दिलेली वर्षे वाढली. शब्दसंग्रहाच्या अडचणी मात्र केवळ वर्षे वाढविल्याने दूर होत नाहीत. दहावीनंतर शिक्षण थांबणाऱ्या मुलाला कारखान्यातील सूचनाफलक, औषधावरील माहिती किंवा सरकारी अर्ज यांतील इंग्रजी समजते काय, या प्रश्नाच्या उत्तरावरच त्या वर्षांचे मोल ठरते. ढाक्यातील शाळांसंबंधी वेस्टने लावलेली समर्पण-मूल्याची कसोटी या दृष्टीने आजही उपयुक्त आहे.